बाबूचं कागदावरचं नाव काय?

ताई,
देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून लिहिते आहे. माझं वय 62. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला. थोरली मुलगी डोंबिवलीला दिलेली आहे, तिला दोन लहान मुलं. धाकटा आमचा बाबू, 31 वर्षांचा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. अंघोळ, कपडे, जेवण सगळं त्याचं तो करतो. आंब्याच्या दिवसांत पेटीत पेंढा घालून आंबे लावतो, गणपतीत भजनाला झांजा वाजवतो. पैशांचं कळत नाही, बोलणं अनोळखी माणसाला समजत नाही.

यंदा गणपतीत भाऊजी मुंबईहून आले होते. म्हणाले, 'दादाचं असं झालं, उद्या तुमच्यामागे बाबूला कोण बघणार? घर आणि आंब्याची कलमं माझ्या मुलाच्या नावावर करून द्या, तो बाबूला मरेपर्यंत सांभाळेल.' हक्कसोडपत्राचा मसुदासुद्धा आणला होता. ह्यांना ते पटल्यासारखं झालंय. मुलीला फोनवर सांगितलं तर ती रडली, म्हणाली मी आहे ना. पण तिच्या घरी सासू आहे, दोन खोल्यांची जागा आहे. वाडीतले म्हणतात गरिबाघरची मुलगी बघा आणि लग्न लावून द्या, मार्गाला लागेल. दुसरे म्हणतात आश्रमात ठेवा.

बाबू सगळं ऐकत असतो. परवा रात्री विचारलंन, 'आये, मी खंय जातलंय?' (मी कुठे जाणार?) मला काही बोलता आलं नाही. गणपती झाल्यापासून तो सुस्त झालाय, दिवसभर पडून असतो, अंगानेही सुटलाय. खरं सांगू का, माझ्या डोळ्यांदेखत तो जावा आणि मग मी जावं, असं वाटतं. असं वाटणारी आई कसली म्हणायची? आम्ही सही करावी का?
— एक आई

(पत्र जागेअभावी कमी केलं आहे.)

ताई,

सही करू नका. निदान या दिवाळीपर्यंत तरी नाही, आणि त्या मसुद्यावर तर कधीच नाही. कारण पुढे सांगते. त्याआधी दुसरी एक गोष्ट आहे, ती या आठवड्यात करायची आहे.

बाबूचं रक्त तपासून घ्या. थायरॉईडची तपासणी सगळ्यांत आधी. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉईड कमी पडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त असतं, आणि सुस्ती, वजन वाढणं, पडून राहणं ही त्याची लक्षणं असू शकतात. गोळी स्वस्त असते, रोज सकाळी उपाशीपोटी एक. मी विशेष शाळेत तेवीस वर्षं शिकवलं. 'हल्ली आळशी झालाय', 'हट्टी झालाय' म्हणून पालक ज्यांना घेऊन आले त्यांतली किती मुलं नुसत्या त्या गोळीने पुन्हा उठून बसलेली मी पाहिली आहेत. तो रात्री घोरतो का, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हेही डॉक्टरांना सांगा. रात्रीची झोप पुरी झाली नाही तर माणूस दिवसा पेंगतो. डोळे आणि कान एकदा दाखवून घ्या. ही तपासणी वर्षाची वर्षाला करायची सवय लावा, कारण या मुलांचं शरीर थोडं लवकर म्हातारं होतं. चाळिशीनंतर विसराळूपणा वाढतोय का तेही बघावं लागतं.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? मग तो बहुधा दुःखी आहे. गणपतीत भाऊजी ओटीवर बसून काय बोलले ते त्याने ऐकलंय, हे तुम्हीच लिहिलं आहे. घरातला 31 वर्षांचा पुरुष, त्याच्या अंथरुणाची, पानाची, मरेपर्यंतची वाटणी चाललेली, आणि तो शेजारी बसून ऐकतोय. मीही अंथरुण धरलं असतं.

म्हणून विचारते, त्याचं नाव काय? तुमच्या मूळ पत्राच्या चार पानांत 'बाबू' हा शब्द सतरा वेळा आलाय (मी मोजला, मास्तरणीची खोड). नाव एकदाही नाही. आधार कार्डावर, सातबाऱ्यावर, पेन्शनच्या कागदावर बाबू चालत नाही. त्याहूनही, वाडीतली दहा वर्षांची पोरं त्याला 'ए बाबू' म्हणतात ना? त्याच्या बरोबरीचे सगळे आता कुणाचे तरी काका, मामा, दादा झाले असतील. हाच तेवढा बाबू राहिला. घरात लाडाने काय हवं ते म्हणा. बाहेरच्यांसमोर त्याला पूर्ण नावाने हाक मारायला सुरुवात करा, बघा त्याची मान कशी वर येते.

आता ते वाक्य, 'माझ्या डोळ्यांदेखत जावा' म्हणणारं. ताई, हे मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकून दचकत नाही. कसली आई म्हणायची? दमलेली आई म्हणायची. माझीसुद्धा म्हणायची. मला धाकटा भाऊ आहे, तोही असाच. पण त्या इच्छेवर भरवसा ठेवून हात जोडून बसू नका. 1983 साली अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आज ते 60 च्या घरात गेलंय. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, औषधं आली, मुलं घरात वाढू लागली. बाबूला 31 वर्षं तुम्ही इतकं नीट ठेवलंय की तो तुमच्यामागे वीस-पंचवीस वर्षं जगेल असं धरूनच चालायला हवं. त्या वर्षांची तजवीज आपल्याला करायची आहे.

वळूया भाऊजींच्या मसुद्याकडे. भाऊजींच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. मुंबईला राहणाऱ्या माणसाला गावची काळजी वाटते, आणि गावच्या जमिनीचीही वाटते. दोन्ही काळज्या एकाच डोक्यात सुखाने नांदतात, कोकणात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. पुतण्याही चांगला असेल. पण हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र एकदा नोंदणी होऊन गेलं की जमीन गेली. त्याबदल्यात मिळालेलं 'मरेपर्यंत सांभाळेन' हे ओटीवरचं बोलणं. पुतण्याचं लग्न होईल, त्याची बायको येईल, तिला काय वाटेल हे आज कोण सांगणार? ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं, प्रांतांकडे अर्ज करून. पण तो कायदा म्हाताऱ्या आई-बापांसाठी. तुम्ही दोघं गेल्यावर बाबूच्या वतीने प्रांत ऑफिसची पायरी कोण चढणार? पुतण्याच ना? स्वतःविरुद्ध?

शिवाय जमीन जर खरोखर वडिलोपार्जित असेल, तर तिच्यात बाबूचा जन्मापासून हिस्सा आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीपासून तुमच्या लेकीचाही. गुरुजींना ती एकट्याने सोडून देता येते का, हाच मुळात प्रश्न. देवगडला किंवा कणकवलीला ओळखीचा वकील गाठून सातबारा आणि जुने फेरफार दाखवा. भाऊजींचा वकील नको, तुमचा पाहिजे. आणि बाबूचा अंगठा कुणी कुठल्या कागदावर मागितला तर घरात ओरडा करा. ज्याला व्यवहाराचे परिणाम समजत नाहीत त्याच्या सहीला करार म्हणून अर्थ नाही, हे कायद्यात 1872 पासून लिहून ठेवलेलं आहे. तरी अंगठे घेतले जातात.

त्याऐवजी मृत्युपत्र करा. गुरुजींनी त्यांच्या हिश्शाचं, तुमच्या नावावर काही असेल तर तुम्ही तुमचं. मृत्युपत्र जिवंतपणी कितीदाही बदलता येतं, हा त्याचा मोठा गुण. दोन साक्षीदार लागतात. ते तुमच्या वयाचे नकोत, चाळिशीतले घ्या, नाहीतर साक्ष द्यायच्या वेळी तेही वर गेलेले. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जाऊन करून टाका, पुढची भांडणं निम्मी होतात. बाबूच्या वाट्याचं थेट त्याच्या हाती देण्याऐवजी छोटा खाजगी ट्रस्ट करून त्यात ठेवता येतं: कलमं ट्रस्टची, उत्पन्न बाबूसाठी, विश्वस्त तिघं. लेक एक, पुतण्या दुसरा, आणि तिसरा नात्याबाहेरचा. गुरुजींच्या हाताखाली शिकलेला कुणीतरी असेलच की वाडीत, ज्याचा शब्द लोक मानतात. तिघं असले की एक चुकला तर दोघं विचारतात. आणि भाऊजींनाही वाईट वाटत नाही. त्यांच्या मुलाला मान आहे, काम आहे, कलमांचा कायम कराराने वाटा हवा असेल तर तोही लिहून ठरवता येतो. फक्त मालकी नाही.

आता पालकत्व. हे बहुतेक आई-वडिलांना माहीत नसतं, गुरुजींनाही कदाचित नसेल: मूल अठरा पूर्ण झालं की कायद्याच्या नजरेत आई-वडीलही त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बाबू 31 चा. म्हणजे गेली तेरा वर्षं तुम्ही त्याच्या सह्यांचं, कागदांचं सगळं सवयीने चालवताय, हक्काने नव्हे. यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आपल्या जिल्ह्यात म्हणजे ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत. तिथे अर्ज करून तुम्ही दोघांनी आज कायदेशीर पालक व्हायचं, आणि तुमच्यानंतर कोण हे आत्ताच बोलून ठेवायचं. उद्या मुलीलाही अर्ज करता येतो, भावंडं नात्यात येतातच.

पालक झालं म्हणजे मालक झालं असं नाही हे मात्र भाऊजींना नीट सांगा. समितीने नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. खाल्लं, हाल केले, तर नातेवाईक किंवा संस्था तक्रार करून त्या पालकाला काढायला लावू शकतात. आणि समितीने बघायचं असतं की या माणसाला पालकाची गरज कशापुरती आहे. बँकेपुरती? जमिनीपुरती? दवाखान्यापुरती? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा रोखही तोच आहे: ज्याला जेवढं ठरवता येतं तेवढं त्याने ठरवावं, उरलेल्याला सोबत द्यावी. कोणता शर्ट घालायचा, कुणाच्या घरी राहायचं, भजनाला जायचं की नाही, हे बाबूला कळतं. ते त्याच्याकडेच राहू द्या.

पेन्शनचं आजच बोलते, नाहीतर राहून जाईल. गुरुजींची पेन्शन त्यांच्यामागे तुम्हाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यामागे ती कुटुंबनिवृत्तिवेतन म्हणून बाबूला आयुष्यभर मिळू शकते, हे ठाऊक आहे का? कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलासाठी नियमातच सोय आहे. काम सोपं व्हायला त्याचं नाव, प्रमाणपत्र हे सगळं गुरुजींच्या हयातीत पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दिलेलं असावं आणि पेन्शनच्या कागदांवर नोंद झालेली असावी. मागाहूनही होतं, पण मागाहून म्हणजे काय ते माझ्या भावाच्या बाबतीत मी भोगलंय. वडील गेले, मग आई गेली, पालकत्वाचा कागद नाही, प्रमाणपत्र जुनं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात चौदा महिने फिरले. एका साहेबांनी तर भावाला समोर उभा करून विचारलं, 'हा खरंच वेडा आहे कशावरून?' मी तेव्हा गप्प बसले, याची लाज मला अजून वाटते.

प्रमाणपत्राचंही तेच. तुमच्याकडे बहुधा जिल्हा रुग्णालयाचं जुनं, हाताने लिहिलेलं असेल. आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, तपासणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. अठराच्या पुढच्यांना ते कायमचं मिळतं, सारखं नूतनीकरण नको. ते झालं की निरामय विमा काढा: राष्ट्रीय न्यासाची योजना, वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणीही मागत नाहीत, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीसुद्धा त्यात येतात. एसटीत सवलत मिळेल ती वेगळी. गुरुजी इन्कम टॅक्स भरत असतील तर जुन्या करपद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी 75 हजारांची वजावट आहे, तीव्र दिव्यांगत्व असेल तर 1 लाख 25 हजारांची. मास्तरांना आकडे आवडतात, हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

कागद संपले. आता त्याहून अवघड.

माझी आई गेली त्या दिवसापासून भाऊ जेवेना. पान वाढलं की पानासमोर बसायचा आणि तसाच. दोन दिवस गेले. आम्हाला वाटलं, दुःखाने. मी भरवायला गेले तर तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकी आल्या, दारातून बघितलं आणि मला म्हणाल्या, 'अगो, तो वाट बघता हा. तुझी आवस रोज इचारी, हात धुतलंस?' मी विचारलं, हात धुतलेस का रे? त्याने दोन्ही हात मला दाखवले आणि जेवायला लागला. चाळीस वर्षं त्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं. आईने सांगितलं नाही, कारण तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की ती हे रोज विचारते.

म्हणून एक दोनशे पानी वही आणा आणि लिहायला लागा. रोज चार ओळी. तो कशाला घाबरतो, फटाक्यांना की कुत्र्याला की वीज गेल्यावर. पोट दुखलं तर कसं सांगतो. काही मुलं पोटाला दातच म्हणतात. मासे काटे काढून लागतात का. राग आला की कुठे जाऊन बसतो. कुठला टॉवेल त्याचा. झोपताना काय लागतं. गोळ्या कुठल्या, कुठल्या औषधाचं वावडं आहे. कोण आला की हसतो. तुम्ही लिहा, मग गुरुजींना स्वतंत्र लिहायला सांगा. दोघांच्या बाबूत फरक निघेल, तो भांडून मिटवू नका, दोन्ही राहू द्या. त्यात काही पानं बाबूची: त्याला विचारून, तो सांगेल ते. 'कुणाकडे राहायला आवडतं?' हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीच त्याला अजून विचारलेला नाही, मी पैजेवर सांगते. तो तुम्हाला विचारतोय, मी खंय जातलंय. उलट विचारा ना, तुला खंय जावचा हा?

आणि त्या रात्रीचं उत्तर त्याला द्या. गप्प बसलात ते त्याने ऐकलंय. सांगा की तू इथेच आहेस, मी आहे, बाबा आहेत, ताई आहे, आपण मिळून ठरवू. 'आम्ही कुठे जाणार नाही' असं खोटं मात्र सांगू नका. मरण त्याला कळतं. त्याने आजीला नेलेलं बघितलं असेल, गाय मेलेली बघितली असेल.

तुमच्या लेकीविषयी. ती 'मी आहे ना' म्हणाली आणि रडली. दोन्ही खरं आहे. भावंडांचं हे मला आतून माहीत आहे: नाही म्हणावं तर पाप, हो म्हणावं तर आपला संसार. तिच्याकडून वचन घेऊ नका. वचनाने माणूस बांधला जातो आणि मग मनात चिडायला लागतो. तिला काम द्या, मोजकं, आज करता येईल असं. यूडीआयडीचा ऑनलाइन अर्ज तिने डोंबिवलीतून भरायचा. ट्रस्टची विश्वस्त ती. दर रविवारी तिने बाबूला फोन करायचा. तुम्हाला नव्हे, त्याला. मे महिन्यात चार दिवस बाबू तिच्याकडे, तुमच्याशिवाय. दोन खोल्यांत चार दिवस माणूस मावतो, चाकरमान्यांच्या खोल्यांत याहून जास्त मावलेली आहेत. जावयांशी गुरुजींनी स्वतः बोलावं. सासूबाईंना घाबरून त्यांना विचारलंच नाही, असं करू नका. कधी कधी ज्याच्याकडून नाही येईल असं वाटतं तोच म्हणतो, आणा की.

तुम्ही नसताना राहण्याची सवय त्याला, आणि त्याच्याशिवाय राहण्याची सवय तुम्हाला, ही आत्ताच लावायची आहे. तुम्ही किती वर्षांत एक रात्र त्याला सोडून राहिला आहात? बहीण असेल ना कुठे मालवण, वेंगुर्ल्याला? जा दोन रात्री. गुरुजी आणि बाबू पिठी-भात करून खातील.

लग्नाचं एका वाक्यात: गरिबाघरची मुलगी 'बघायची' म्हणजे पगार न देता जन्माची नर्स आणायची, आणि तिचे आई-वडील गरीब आहेत म्हणून ती गप्प बसेल असं धरायचं. हे पाप करू नका. बाबूलाही कुणी आवडू शकतं, सोबत हवीशी वाटू शकते, तो त्याचा हक्क आहे आणि तो वेगळा विषय. त्यावर घरात कधीतरी मोकळेपणी बोलावं लागेल. पण तुमची सोय म्हणून लग्न नाही.

आश्रम हा शब्द मला आवडत नाही, पण संस्था म्हणजे टाकून देणं असंही मी मानत नाही. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे. तुमच्यासारख्याच पालकांनी 'आमच्यामागे काय' म्हणत उभं केलेलं. लेकीच्या घरापासून ते लांब नाही. पुढच्या खेपेला गेलात की नुसतं बघून या, जागेसाठी नव्हे, डोळे उघडायला. रत्नागिरीत आविष्कार संस्था मोठ्या मुलांची कार्यशाळा चालवते, तिथेही जाऊन या. कुठलीही जागा बघाल तेव्हा ऑफिसात चहा पिऊन परत येऊ नका. जेवणाच्या वेळी जा, न कळवता. संडास बघा. तिथल्या माणसांची स्वतःची कपाटं आहेत का, त्यांच्या अंगावरचे कपडे त्यांचेच आहेत का, ती कर्मचाऱ्यांना बघून जवळ येतात की बाजूला होतात, ते बघा. कधीही भेटायला या म्हणतात की महिन्याचा ठरलेला वार सांगतात? भाऊजींच्या ओळखीचा कुठला आश्रम असेल, त्यालाही हीच फूटपट्टी.

पण मला विचाराल तर बाबूची पहिली संस्था तुमची वाडीच आहे. तुम्ही जाता जाता लिहून गेलात, तो पेटीत आंबे लावतो. ताई, देवगडच्या हापूसची पेटी लावणं हे हातचं काम आहे. देठ कुठे, पेंढा किती, मोठा-बारका कसा वेगळा करायचा. ते ज्याला येतं त्याला मजुरी मिळते. बाबूला मिळते का? की घरचंच म्हणून फुकट? पेटीमागे ठरवून पैसे द्या, त्याच्या हातात, त्याच्या पाकिटात. त्याला नोटा कळत नाहीत म्हणता. ज्याने कधी नोट खर्चच केली नाही त्याला कशा कळणार? दहाची नोट घेऊन रोज नाक्यावरच्या दुकानात एकटा पाठवा. दुकानदाराला आधी सांगून ठेवा. पहिले आठ दिवस फसेल. शेजारच्या बागवाल्यालाही विचारा, हंगामात माणूस मिळत नाही म्हणून सगळेच रडत असतात.

आणि त्याच्या झांजा. भजनी मंडळ म्हणजे आठवड्यातून एकदा दहा-बारा पुरुष त्याची वाट बघतात, एखाद्या वारी आला नाही तर विचारतात, हे केवढं आहे! उद्या तो दोन दिवस दिसला नाही तर कुणाच्या लक्षात येईल, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही तो माणूस खरा उघड्यावर. दुकानदार, गिरणीवाला, आशाताई, भजनाचे बुवा, पोलीस पाटील, एसटीचा कंडक्टर: या प्रत्येकाशी बाबूचं स्वतःचं काहीतरी नातं हवं, तुमच्या मार्फत नव्हे. शिमग्यात पोरं त्याला नाचवतात आणि हसतात, असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलं होतं. तिथे फरक करा. पालखीबरोबर तो नाचत असेल आणि त्याला मजा येत असेल तर नाचू द्या, शिमगाच आहे. दारू पाजून, चिडवून नाचवत असतील तर गुरुजींनी त्या पोरांच्या बापांना घरी बोलवावं. न ऐकलं तर सांगावं की दिव्यांग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. बहुतेक वेळा गुरुजींचा आवाजच पुरतो.

एकट्याने हे सगळं करायला गेलात तर दमाल. तालुक्यात बाबूसारखी आणखी घरं आहेत, तुम्हाला दोन तरी माहीत असतील, आशाताईंना सगळी माहीत असतात. चार आया एकत्र आल्या की ओरोसची एकच फेरी चौघींची होते, एकीने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी मुलं बघायची. आणखी एक: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कुठे गेले हे ग्रामसभेत कुणीतरी उभं राहून विचारावं लागतं. तुम्ही विचाराल तर सरपंच उडवून लावतील. निवृत्त गुरुजी विचारतील तर सरपंचांना उत्तर द्यावं लागेल, बहुधा ते त्यांचेच विद्यार्थी असणार. हार्ट अटॅकनंतर गुरुजी घरात बसून मनाने खचले असतील. त्यांना हे काम द्या.

भाऊजींना काय सांगायचं? सांगा, तुमच्या बोलण्याने आम्हाला जाग आली, उपकार झाले. वकिलाशी बोलून दिवाळीनंतर कळवतो. तोवर तुमच्या मुलाला चार दिवस इथे पाठवा, एकटा, बाबूबरोबर राहायला. आला तर फार छान. ट्रस्टमध्ये त्याचं नाव घालताना तुमचा हात अडखळणार नाही. नाही आला, तर तेही कळलं.

ओरोसला जाल तेव्हा बाबूला नेलंच पाहिजे, तपासणी त्याचीच आहे. आदल्या रात्री सांगून ठेवा कुठे जायचंय, किती वेळ बसायला लागेल, डॉक्टर काय विचारतील. सोबत डबा घ्या, तिथे दुपार होतेच. आणि नाव विचारलं की तुम्ही पुढे होऊन सांगू नका, थोडं थांबा. त्याला सांगू द्या. मग मलाही कळवा.